पहिला कॉम्बॅट बॉट: रिमोट, रिसिव्हर आणि सुटे भाग कसे निवडायचे

छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर, कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजात रोबोवॉरची, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या रोबोंच्या लढतीची, पहिली टीम जमली की चर्चा वेपनपासून (समोरच्या बॉटवर आदळणाऱ्या फिरत्या भागापासून) सुरू होते. डिस्क लावायची की ड्रम, मोटार किती मोठी, पत्रा किती जाड. रिमोटचा विषय शेवटी निघतो आणि उरलेल्या पैशात जो येईल तो घेतला जातो. आमचा सल्ला याच्या बरोबर उलटा आहे. पहिली खरेदी रिमोटची करा. मोटारी जळतात, वेपन वाकतं, चासी एका सीझनमध्ये भंगारात जाते. नीट निवडलेला रिमोट मात्र पुढच्या चार-पाच बॉटना पुरतो.

दुसरं कारण सुरक्षेचं. ५०० केव्हीची (म्हणजे दर व्होल्टमागे मिनिटाला ५०० फेरे घेणारी) ब्रशलेस मोटार २२.२ व्होल्टवर मोकळी फिरली तर मिनिटाला साधारण ११,१०० फेरे घेते. बेल्टने वेग निम्मा केला तरी वेपन ५,५५० फेऱ्यांनी फिरतं. त्यावर २० सेंटिमीटर व्यासाची डिस्क असेल तर तिच्या कडेचा वेग सेकंदाला ५८ मीटर, म्हणजे ताशी दोनशे किलोमीटरच्या वर जातो. हा वेग थांबवणारी एकच दोरी तुमच्या हातात असते, ती म्हणजे रिमोटचा सिग्नल. सिग्नल तुटला तर बॉटने आपोआप थांबलं पाहिजे. पुढची सगळी निवड याच एका अटीवर तपासायची.

सुरुवात वजनगटापासून

आपल्याकडच्या कॉलेज स्पर्धांमध्ये ८, १५, ३० आणि ६० किलो असे गट दिसतात. परदेशी पद्धतीचे १ पौंड (४५४ ग्रॅम) आणि ३ पौंडाचे (सुमारे १.३६ किलो) छोटे गटही आहेत. ज्या स्पर्धेत उतरायचं तिची नियमपुस्तिका आधी छापून घ्या आणि चार गोष्टी लाल पेनाने अधोरेखित करा: जास्तीत जास्त व्होल्टेज, फेलसेफची (सिग्नल गेल्यावर बॉट आपोआप थांबण्याची) अट, मेन स्विच किंवा काढता येणारी पॉवर लिंक (जी काढली की बॅटरी तुटते) कुठे हवी, आणि वेपन थांबायला किती वेळ चालेल. बॅटरी, ड्रायव्हर (मोटारींना करंट पुरवणारा बोर्ड) आणि रिमोट हे तिन्ही यावरूनच ठरतात. शक्य असेल तर पहिला बॉट छोट्या गटातला करा. चुका त्याच होतात, पण स्वस्तात होतात.

जे घ्यायचं नाही

डीपीडीटी स्विचचा वायरवाला रिमोट रोबोरेसपर्यंत ठीक होता. फिरत्या वेपनच्या बॉटमागे वायर लोंबकळणं धोक्याचं आहे आणि बऱ्याच स्पर्धांच्या नियमातही बसत नाही.

त्यानंतर बहुतेकांची नजर जाते ती एचसी-०५ ब्लूटूथ मॉड्यूल, आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) आणि फोनवरच्या ॲपकडे. हे का टाळायचं ते नीट समजून घ्या. अशा ॲपमध्ये बोट दाबलं की एक अक्षर जातं, समजा पुढे जाण्यासाठी ‘एफ’. बोट उचललं की थांबण्याचं ‘एस’ जातं. आता ‘एफ’ पोहोचलं आणि ‘एस’ जायच्या आधी ब्लूटूथ तुटलं, तर आर्डुइनोला काहीच कळत नाही. शेवटचा हुकूम ‘एफ’ होता, म्हणून तो मोटारी पुढे चालवतच राहतो. ठरावीक वेळात नवा हुकूम आला नाही तर सगळं बंद कर, असं प्रोग्राममध्ये लिहिता येतं, पण नवख्यांच्या दहापैकी नऊ प्रोग्राममध्ये ते नसतं. शिवाय फोनच्या काचेवर बोटाला मधली जागा सापडत नाही. रिमोटची स्प्रिंगवाली काठी हात सोडला की स्वतः मध्ये येते, आणि लढतीत हेच कामाला येतं.

तिसरी गोष्ट एल२९८एन ड्रायव्हर. शाळेच्या प्रोजेक्टला छान. पण तो एका चॅनेलला (मोटार जोडायच्या एका जागेला) जेमतेम २ अँपिअर देतो आणि स्वतःतच दोन व्होल्टच्या आसपास खातो. समोरच्या बॉटला धडकून चाकं अडली की पहिल्याच दणक्यात धूर.

रिमोट: दोन वाटा

भारतात नवख्यांच्या हातात सर्वांत जास्त दिसतो तो फ्लायस्कायचा एफएस-आय६, सोबत एफएस-आयए६बी रिसिव्हर. सहा चॅनेल (एकाच वेळी सहा वेगळे हुकूम), २.४ गिगाहर्ट्झ, एएफएचडीएस २ए ही रिमोट-रिसिव्हरची भाषा, आणि चार पेन्सिल सेलवर चालतो. साधारण चार ते सहा हजारांत जोडी येते, किमती हलत असतात. फेलसेफ, मिक्सिंग (एका काठीने दोन बाजू चालवणं), एंड पॉइंट (काठीच्या टोकाला किती सिग्नल जावा), थ्रॉटल होल्ड (स्विचने वेपन बंद ठेवणं) हे सगळं त्यात आहे. पहिल्या बॉटला एवढं पुरतं.

दुसरी वाट ईएलआरएसची, म्हणजे एक्सप्रेसएलआरएस. रेडिओमास्टर पॉकेटसारखा रिमोट आणि पीडब्ल्यूएम आउटपुट (ड्रायव्हरला थेट जोडता येणारा सिग्नल) असलेला छोटा रिसिव्हर. खर्च दीड-दोन पट होतो, पण लिंक पक्की, रिसिव्हर नखाएवढे हलके आणि एजटीएक्स सॉफ्टवेअरमध्ये हवं तसं मिक्सिंग करता येतं. पॉकेटला १८६५० चे (गोल लिथियम) दोन सेल लागतात आणि ते वेगळे घ्यावे लागतात, हे पार्सल उघडल्यावर कळून चिडचिड होते. घेताना २.४ गिगाहर्ट्झचंच घ्या. ९१५ मेगाहर्ट्झचा माल ऑनलाइन दिसतो, पण तो पट्टा आपल्याकडे या कामासाठी मोकळा नाही. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ आहे. २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झचा पट्टा मात्र २००५ पासून ठरावीक शक्तीपर्यंत परवानामुक्त आहे, त्यामुळे तिथे चिंता नाही. रिमोट परदेशातून स्वतः मागवू नका. वायरलेस उपकरणांना मंजुरीची कागदपत्रं लागतात आणि पार्सल कस्टम्समध्ये अडकतं. भारतातल्या विक्रेत्याकडून बिलासह घ्या.

जुना वापरलेला रिमोट मिळत असेल तर एकच प्रश्न विचारा: यात फेलसेफ प्रत्येक चॅनेलला वेगळा लावता येतो का? उत्तर ‘माहीत नाही’ असेल तर सोडून द्या.

रिमोट आणि रिसिव्हर एकाच भाषेतले हवेत. दोन्हींवर ‘२.४ गिगाहर्ट्झ’ लिहिलंय म्हणून ते एकमेकांशी बोलतील असं नाही. फ्लायस्कायचा रिमोट आणि ईएलआरएसचा रिसिव्हर कधीच जुळणार नाहीत. फ्लायस्कायमध्येसुद्धा एएफएचडीएस, २ए आणि ३ अशा वेगवेगळ्या भाषा आहेत, म्हणून खोक्यावरचं नाव जुळवूनच दुसरा रिसिव्हर घ्या. आणि दुसरा घ्याच. स्पर्धेच्या ठिकाणी रिसिव्हर मेला तर गावातल्या कुठल्या दुकानात तो मिळणार नाही.

रिमोट मोड २ चा मागा, म्हणजे थ्रॉटल (वेग कमी-जास्त करणारी काठी) डाव्या हाताला. तो वर-खाली जिथे सोडला तिथे थांबतो, वेपनसाठी तोच. उजवी काठी चारही बाजूंनी मध्ये परत येते, ती चालवण्यासाठी.

चॅनेल किती लागतात? दोन ड्राइव्हला, एक वेपनला, एक सुरक्षेच्या स्विचसाठी. चारमध्ये भागतं. सहाचा रिमोट घेतला की पुढे लिफ्टर (समोरच्याला उचलणारा हात) जोडायलाही जागा राहते.

बाइंडिंग

बाइंडिंग म्हणजे रिमोट आणि रिसिव्हर यांची जोडी जुळवणं. आय६ आणि आयए६बी यांच्यासाठी क्रम असा:

१. वेपनचा बेल्ट किंवा डिस्क काढून ठेवा. बॉट विटेवर चढवा, चाकं हवेत हवीत.
२. रिसिव्हरच्या ‘बी/व्हीसीसी’ लिहिलेल्या जागेत बाइंड प्लग बसवा.
३. कुठल्याही चॅनेलवरून ५ व्होल्ट द्या. लाल दिवा भराभर लुकलुकेल.
४. रिमोट बंद असताना बाइंडचं बटण दाबून धरा आणि तसंच धरून रिमोट चालू करा.
५. दिव्याची लुकलुक बदलली की जुळलं. पॉवर काढा, बाइंड प्लग काढा, मग आधी रिमोट आणि नंतर रिसिव्हर चालू करा. आता दिवा स्थिर दिसला पाहिजे.

रिसिव्हरला थेट ३ एस लिपो (तीन सेलची लिथियम-पॉलिमर बॅटरी) लावू नका. त्याला ५ व्होल्ट लागतात. सर्व्हो वायरमध्ये काळी किंवा तपकिरी म्हणजे निगेटिव्ह, लाल पॉझिटिव्ह, पांढरी, पिवळी किंवा केशरी सिग्नलची. प्लग उलटाही बसू शकतो, त्यामुळे बसवण्यापूर्वी रिसिव्हरवरची खूण बघा.

आय६ चा एक स्वभाव लक्षात ठेवा: मेनूत केलेला बदल कॅन्सलचं बटण लांब दाबल्याशिवाय जतन होत नाही. नुसतं टिचकीसारखं दाबून बाहेर आलात की सगळं पूर्वीसारखं. ‘फेलसेफ लावला होता, पण राहिला नाही’ अशा बऱ्याच तक्रारींचं मूळ इथे असतं.

मिक्सिंग: एका काठीने दोन बाजू

चाकांचा बॉट रणगाड्यासारखा वळतो, डावी बाजू आणि उजवी बाजू वेगवेगळी चालवून. एका काठीने ते करायचं तर मिक्सिंग लागतं. आय६ मध्ये फंक्शन मेनूत ‘एलेव्हॉन’ चालू करा. डावा ड्राइव्ह चॅनेल १ वर, उजवा २ वर लावा. एलेव्हॉनचे दोन्ही आकडे सुरुवातीला ५० टक्क्यांवर असतात. तसेच ठेवले तर काठी टोकाला नेली तरी बॉट अर्ध्याच ताकदीने जातो. वाढवा, आणि डिस्प्लेच्या पानावर पट्ट्या टोकापर्यंत जातात का ते बघा. वळण अंगावर येत असेल तर फक्त वळणाचा भाग ५०-६० टक्क्यांपर्यंत कमी करा.

मिक्सिंग एकाच ठिकाणी करायचं. सेबरटूथ किंवा सायट्रॉनच्या स्मार्टड्राइव्हसारख्या ड्रायव्हरवरही मिक्सिंगची सोय असते, बारीक डिप स्विचवर. रिमोटवरही चालू आणि ड्रायव्हरवरही चालू असेल तर काठी पुढे केली की एकच बाजू फिरते आणि मुलं मोटार खराब आहे म्हणून ती बदलत बसतात. ड्रायव्हरच्या मॅन्युअलमधल्या तक्त्याप्रमाणे स्विच लावा, त्याचा फोटो काढून ठेवा.

दिशा चुकल्या तर अंदाजाने वायरी फिरवू नका. काठी पुढे केल्यावर बॉट जागेवर गोल फिरतो आणि बाजूला केल्यावर सरळ जातो, याचा अर्थ एका बाजूची मोटार उलटी आहे. त्या बाजूच्या दोन वायरींची अदलाबदल करा. पुढे-मागे बरोबर पण डावं-उजवं उलटं, तर रिसिव्हरवरचे दोन प्लग एकमेकांच्या जागी लावा. सगळंच उलटं असेल तर दोन्ही बाजूंच्या मोटारींच्या वायरी बदला.

दोन्ही अंगांनी चालणारा बॉट करत असाल तर एक गंमत आहे. तो उलटा पडला की पुढे-मागे उलटं होतं, डावं-उजवं मात्र तसंच राहतं. म्हणून एका स्विचवर फक्त पुढे-मागेची दिशा उलटवायची सोय करा. एजटीएक्सच्या रिमोटवर हे पाच मिनिटांचं काम आहे.

फेलसेफ: इथे घाई नको

फेलसेफ म्हणजे सिग्नल गेला की रिसिव्हरने प्रत्येक चॅनेलवर काय द्यायचं, हे आधीच ठरवून ठेवणं. आय६ मध्ये सिस्टीम मेनूतल्या ‘आरएक्स सेटअप’मध्ये फेलसेफ आहे. एकेक चॅनेल निवडा, ‘ऑन’ करा, काठी हव्या त्या जागी धरा आणि धरूनच कॅन्सल लांब दाबा. ड्राइव्हचे दोन्ही चॅनेल मध्ये, म्हणजे शून्य टक्के. वेपन ज्या जागेला बंद असतं तिथे.

ही ‘वेपन बंद असण्याची जागा’ नीट शोधा, कारण ती सगळ्यांची सारखी नसते. रिसिव्हरमधून साधारण १००० ते २००० मायक्रोसेकंदांचे ठोके जातात, १५०० म्हणजे मध्य. एका दिशेने फिरवणाऱ्या ईएससीला (मोटारीचा वेग सांभाळणाऱ्या ड्रायव्हरला) १००० म्हणजे बंद, म्हणून थ्रॉटल तळाला, उणे १०० टक्के. पण ईएससी दोन्ही दिशांनी फिरवणारा असेल तर बंदची जागा मध्ये असते आणि तळ म्हणजे पूर्ण वेगाने उलटा! दुसऱ्याचं सेटिंग पाहून उणे १०० लिहिलंत तर सिग्नल जाताच वेपन पूर्ण वेग पकडेल. रिव्हर्स मेनूत थ्रॉटल उलटवलेला असला तरीही आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही. म्हणून आकडा वाचून थांबायचं नाही, प्रत्यक्ष तपासायचं.

तपासणी अशी. वेपनचा बेल्ट काढलेला, बॉट विटेवर, सगळ्यांच्या डोळ्यांवर गॉगल. काठीने चाकं फिरवत ठेवा आणि रिमोट बंद करा. चाकं लगेच थांबली पाहिजेत. मग वेपनची मोटार हळू फिरवा आणि पुन्हा रिमोट बंद करा. मोटारीचा आवाज उतरत गेला पाहिजे. आता तिसरी पायरी, जी बहुतेक जण गाळतात: सिग्नल परत आल्यावर काय होतं? थ्रॉटलची काठी वरच राहिली असेल तर लिंक जुळताच वेपन पुन्हा फिरायला लागेल. यावर उपाय म्हणजे सुरक्षेचा स्विच. आय६ मध्ये थ्रॉटल होल्ड एका स्विचला जोडा, त्याची किंमत वेपन पूर्ण बंद होईल एवढी ठेवा. स्विच पुढे केल्याशिवाय काठी कितीही वर गेली तरी वेपन हलता कामा नये.

ईएलआरएसवाल्यांनी दोन गोष्टी जास्तीच्या बघायच्या. चॅनेल ५ तिथे फक्त चालू-बंद असा दोनच जागांचा असतो, तो आर्मिंग स्विचसाठी (वेपन फिरायला परवानगी देणाऱ्या स्विचसाठी) राखून ठेवा, वेपनचा वेग त्यावर कधी लावू नका. आणि रिसिव्हरला चालू झाल्यापासून साधारण ६० सेकंद रिमोट सापडला नाही तर तो स्वतःच वायफाय मोडमध्ये जातो. मग रिमोट चालू केला तरी बॉट हलत नाही. बॉटची पॉवर काढून परत द्यावी लागते. रिंगणात पंच वाट पाहत असताना हे झालं तर हातपाय गळतात. आधी रिमोट, मग बॉट, हा क्रम पाळला की हे होणारच नाही.

ड्राइव्हच्या मोटारी आणि ड्रायव्हर

मोटारीच्या माहितीपत्रकात दोन आकडे बघा: फेरे आणि स्टॉल करंट, म्हणजे चाक पूर्ण अडल्यावर मोटार किती अँपिअर ओढते. बॉट धडकला की मोटार स्टॉलच होते, त्यामुळे ड्रायव्हर या आकड्यावरून निवडायचा. समजा १२ व्होल्टच्या चार गिअर मोटारी आहेत, प्रत्येकीचा स्टॉल ८ अँपिअर. एका बाजूला दोन समांतर, म्हणजे १६. ड्रायव्हर प्रत्येक चॅनेलला सलग २५-३० अँपिअरचा घ्या. ‘पीक’ म्हणून छापलेला मोठा आकडा काही सेकंदांचा असतो, तो हिशेबात धरू नका. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात बाहेरच ४२ अंश असतात, थंड व्हायला ड्रायव्हरला वाव कमी उरतो.

वेगाचा हिशेब सोपा आहे. १० सेंटिमीटरचं चाक मिनिटाला ३०० फेऱ्यांनी फिरलं तर बॉट सेकंदाला साधारण दीड मीटर जातो. नवख्या चालकाला हे पुरतं. ६०० फेऱ्यांना तीन मीटर होतात, त्याला हात बसायला सराव लागतो.

ड्रायव्हर घेताना त्याला रिसिव्हरचा आरसी सिग्नल थेट चालतो का ते विचारा. काही स्वस्त बोर्डांना पीडब्ल्यूएम आणि दिशा असे वेगळे सिग्नल लागतात, ते मायक्रोकंट्रोलरशिवाय चालत नाहीत.

आणि टेबलावर १२ व्होल्टच्या एसएमपीएसवर (घरच्या विजेवरच्या पॉवर सप्लायवर) ड्रायव्हर तपासू नका. मोटार अचानक थांबली किंवा उलटी फिरली की सेबरटूथसारखे ड्रायव्हर करंट मागे ढकलतात. बॅटरी तो पिऊन घेते, एसएमपीएस ट्रिप होतो किंवा जातो.

पाच व्होल्ट आणि रिसिव्हरचा जीव

‘बॉट मध्येच एक सेकंद मरतो आणि पुन्हा चालू होतो.’ ही तक्रार सर्वांत जास्त ऐकायला मिळते आणि दोष नेहमी रिमोटला दिला जातो. बहुतेक वेळा रेंजचा काही संबंध नसतो. वेपन वेग घेताना बॅटरीचं व्होल्टेज खाली बसतं, ५ व्होल्टची बीईसी (बॅटरीचं व्होल्टेज ५ वर आणणारा भाग) डगमगते, रिसिव्हर बंद होऊन परत सुरू होतो. ओळखायचं कसं? त्या क्षणी रिसिव्हरचा दिवा पूर्ण विझत असेल तर पॉवरचा दोष. दिवा लुकलुकत असेल तर सिग्नलचा.

रिसिव्हरसाठी वेगळा ५ व्होल्ट ३ अँपिअरचा स्विचिंग यूबीईसी घ्या. ईएससीच्या आतली साधी लिनिअर बीईसी ४ एसच्या वर तापते आणि गळते. दोन ईएससींना बीईसी असेल तर एकाच बीईसीची लाल वायर रिसिव्हरपर्यंत जाऊ द्या. बाकीच्या प्लगमधली लाल पिन अलगद काढून श्रिंक ट्यूबमध्ये बंद करा. रिकाम्या चॅनेलवर १००० मायक्रोफॅरड, १० व्होल्टचा कॅपॅसिटर लावला तर छोटे झटके तो झेलतो. ध्रुव उलटा लावू नका, फुटतो.

लिपो

लिपोचा एक सेल भरल्यावर ४.२ व्होल्ट, सरासरी ३.७. ३ एस म्हणजे १२.६ भरलेला, ६ एस म्हणजे २५.२. किती अँपिअर देईल ते क्षमता गुणिले सी (बॅटरीवर छापलेला आकडा). २२०० एमएएच, ३० सी: २.२ × ३० = ६६ अँपिअर, तेही कागदावर. स्वस्त बॅटरीला निम्मंच धरा. तीन मिनिटांच्या लढतीत सरासरी २० अँपिअर ओढले तर १ अँपिअर-तास खर्च होतो. बॅटरी ८० टक्क्यांच्या वर रिकामी करायची नाही, म्हणजे किमान १२५० एमएएच हवी. २२०० घेतली की निवांत.

चार्जरवर ‘लिपो बॅलन्स’ मोड, सेलची संख्या बरोबर, आणि करंट १ सी, म्हणजे क्षमतेएवढा: २२०० ला २.२ अँपिअर. ५० वॉटचा बी६ चार्जर ६ एसला दोन अँपिअरच्या आसपासच देऊ शकतो, त्यामुळे ५००० एमएएच भरायला अडीच तास किंवा जास्त. दोन लढतींमध्ये एवढा वेळ मिळत नाही. दोन बॅटऱ्या किंवा मोठा चार्जर. लाइट गेली की चार्जिंग तिथेच तुटतं, आल्यावर पुन्हा सुरू झालं असं गृहीत धरू नका. बी६ ला ११ ते १८ व्होल्टचा डीसी इनपुट चालतो, तेव्हा लोडशेडिंगमध्ये इन्व्हर्टरची १२ व्होल्टची बॅटरी थेट लावून काम भागतं.

एप्रिल-मे मध्ये लिपो बंद गाडीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका. ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नाही, आणि उन्हातून आणलेली बॅटरी सावलीत अर्धा तास ठेवल्याशिवाय चार्जरला लावायची नाही. ठेवून द्यायची तर सेलला ३.८ व्होल्टवर. फुगलेली बॅटरी दाबून सपाट करण्याचा उद्योग कुणी करू नये, ती बाजूला काढा. चार्जिंग टाइल्सवर, शेजारी वाळूची बादली, आणि एक माणूस कायम समोर.

वायर, कनेक्टर, अँटेना

दुकानात ‘अडीचची वायर द्या’ म्हणाल तर घरफिटिंगची मिळेल. तिचं पीव्हीसी आवरण तापल्यावर वितळतं आणि ती ताठ असते. सिलिकॉन वायर मागवा: बॅटरीपासून १२ एडब्ल्यूजी (जाडीचं माप, आकडा लहान तेवढी वायर जाड), मोटारींना १४ किंवा १६. ६० अँपिअरपर्यंत एक्सटी६० कनेक्टर, त्यापुढे एक्सटी९०. एक्सटी जोडताना नर आणि मादी एकमेकांत अडकवूनच सोल्डर करा, नाहीतर प्लास्टिक मऊ होऊन पिना तिरक्या होतात. २५ वॉटच्या सोल्डरिंग गनने जाड वायरला टाका बसत नाही, वरून चकाकतो आणि आतून सुटा राहतो. ६० वॉट घ्या. टाका लागल्यावर जोर लावून ओढून बघा.

ब्रशच्या प्रत्येक मोटारीवर १०४ नंबरचा सिरॅमिक कॅपॅसिटर दोन टर्मिनलांमध्ये लावा, मोटारीच्या वायरी एकमेकींना पिळ देऊन न्या. यामुळे रेडिओत येणारी खरखर कमी होते.

रिसिव्हरच्या अँटेनाचं शेवटचं, आवरण सोललेलं सुमारे ३१ मिलिमीटर टोक खरं काम करतं. ते कापू नका, दुमडू नका, पॉवरच्या वायरीला बांधू नका. दोन अँटेना असतील तर एकमेकींशी काटकोनात ठेवा. चारही बाजूंनी लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचा डबा असेल तर सिग्नल आत येत नाही. कार्बन फायबरही अडवतो. झाकणात पॉलिकार्बोनेट किंवा एचडीपीई प्लास्टिकची खिडकी ठेवा आणि अँटेना तिच्याखाली टेपने चिकटवा. रिसिव्हर फोममध्ये गुंडाळा, सगळ्या प्लगांवर हॉट ग्लूचा एकेक थेंब. धडकेत प्लग निसटतात, आणि एक निसटलेला प्लग म्हणजे हरलेली लढत.

हातातल्या रिमोटच्या अँटेनाचं टोक बॉटकडे रोखू नका. टोकाच्या दिशेने सिग्नल सर्वांत कमी असतो. अँटेना आडवी किंवा उभी, बॉटला तिची बाजू दिसली पाहिजे.

मागवायचं कधी, मिळतं कुठे

बेअरिंग, बेल्ट, नायलॉक नट, पत्रा कापून घेणं, शाफ्ट टर्न करणं या कामांना वाळूज, चिकलठाणा किंवा जालन्याच्या एमआयडीसीत मदतीला माणसं आहेत. १०४ कॅपॅसिटर, फ्यूज, सोल्डर, पेन्सिल सेल बाजारात मिळतात. रिमोट, ईएससी, लिपो, एक्सटी कनेक्टर मात्र ऑनलाइन किंवा पुण्याच्या बुधवार पेठेतून, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणावे लागतात. लिपो सहसा रस्त्यानेच येते, त्यामुळे लातूर-हिंगोलीला पोहोचायला जास्त दिवस लागतात. स्पर्धेच्या तीन-चार आठवडे आधी ऑर्डर द्या. हाताशी ठेवायचं जास्तीचं सामान: एक बाइंड केलेला रिसिव्हर, एक ड्राइव्ह मोटार, एक ईएससी, एक यूबीईसी, दोन बॅटऱ्या, बाइंड प्लग आणि आठ नवे पेन्सिल सेल.

रिंगणातला क्रम

बॉट रिंगणात ठेवा, वेपनचं लॉक (ते फिरू नये म्हणून लावायची अडसर) लागलेलं. रिमोट चालू करा, योग्य मॉडेल निवडलंय का ते स्क्रीनवर वाचा, थ्रॉटल तळाला, होल्ड लावलेला. मग एकाच माणसाने बॉटची पॉवर लिंक बसवायची, दिवा लागलेला बघायचा, शेवटी लॉक काढून बाहेर यायचं. गेट बंद झाल्यावर आधी फक्त चाकं हलवून दाखवा. वेपन पंचांनी हात केल्यावरच.

लढत संपल्यावर उलट क्रम: थ्रॉटल तळाला, होल्ड, वेपन पूर्ण थांबेपर्यंत गेट बंद. आत गेल्यावर आधी लॉक लावायचं, मग लिंक काढायची. रिमोट सर्वांत शेवटी बंद करायचा, बॉटचा दिवा विझल्याचं लिंक काढणाऱ्याने मोठ्याने सांगितल्यावर.